अंगापिंडाने मजबूत

माणसाला नुसते पाहून त्याचे वजन सांगणारी माणसे आमच्या गावात पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ काटा नसतो, टेप नसते. चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसल्या बसल्या ते रस्त्याने जाणाऱ्याकडे एक नजर टाकतात आणि म्हणतात, "बहात्तर." दुसरा म्हणतो, "सत्तरच्या वर नाही." मग पैज लागते. पैजेत कोणी कधी पैसे दिल्याचे मी ऐकलेले नाही, पण पैज मात्र रोज लागते.

आमचे गाव कोहमारा. गाव म्हणण्यापेक्षा चौरस्ता म्हटले तरी चालेल. नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या दारावरून जातो. त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. चौकातून एक रस्ता उत्तरेला गोंदियाकडे फुटतो, दुसरा दक्षिणेला नवेगावबांधकडे. साऱ्या देशाचे ट्रक आमच्या चौकात हळू होतात आणि पुढे निघून जातात. थांबतो तो फक्त आम्ही. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याची पारख करणे हा आमच्या गावाचा पिढीजात उद्योग होऊन बसला आहे. त्यातून आमच्या झाडीपट्टीत शंकरपटाचा नाद. बैलाची जोडी धावायच्या आधीच तिचा खांदा, खूर, डोळा पाहून निकाल सांगणारे लोक. त्याच नजरेने ते माणसाकडेही पाहतात. बैलाला राग येत नाही, माणसाला येतो, एवढाच फरक.

दिवाळीनंतर धान निघते, मंडई भरते, दंडारी नि नाटके सुरू होतात आणि त्याबरोबरच कबड्डीचे सामने. कापणी झालेल्या बांधीतले धसकट काढायचे, ढेकळे फोडायची, पाणी मारून माती दाबायची, चुन्याने रेषा आखायच्या आणि चार कोपऱ्यांना हॅलोजन लावायचे. झाले क्रीडांगण तयार. दूरदर्शनच्या पडद्यावर निळ्या-केशरी गाद्यांवर खेळली जाणारी कबड्डी आणि आमच्या बांधीतली कबड्डी यांचे नियम एकच आहेत. पण गादीवर पडलेला उठून धूळ झटकत नाही. आमच्याकडे पडलेल्याच्या कोपरावर सकाळी खपली असते.

सामने वजनी गटांत होतात. ५५ किलोचा गट आमच्या भागात फार लोकप्रिय. ज्या गावात खाऊन-पिऊन सुखी पोरे आहेत, त्या गावाचे खेळाडू वजनाच्या दिवशी पाणी पीत नाहीत, स्वेटर घालून पळतात, अंगातला घाम काढतात. आमच्या गावच्या पोरांना त्यातले काही करावे लागत नाही. ते सकाळी भात खाऊन, वर चहा पिऊन काट्यावर चढतात, तरी काटा ५३ च्या पुढे जात नाही. या एका गटात गरिबी हीच पात्रता आहे, असे माझा दादा हसत हसत म्हणतो. तो चढाई करणारा. त्याचा गट आता उरला आहे तो खुला. खुल्या गटाला आमच्याकडे वजनाची मर्यादा नसते.

खुल्या गटातला सामना म्हणजे चौकातल्या पारख्यांची खरी परीक्षा. गेल्या हिवाळ्यात महामार्गाने दोन जीपगाड्या भरून एक बाहेरचा संघ आला. पोरे गाडीतून एकेक करून उतरू लागली आणि गर्दी गप्प झाली. मग कोणीतरी म्हणाले, "काय मांड्या आहेत गा!" तेवढ्यात सर्वांना वाचा फुटली. एक म्हणाला, हे पोट्टे नाहीत, धानाची पोती आहेत. दुसऱ्याने त्यांच्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याचे वजन ९५ सांगितले, तिसऱ्याने शंभर. टपरीवाल्याने आमच्या संघाची फळी अर्ध्या वेळेपर्यंतही टिकणार नाही असे जाहीर केले. आम्ही बाया-पोरी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर होतो. तिथून पुरुषांचे बोलणे स्पष्ट ऐकू येते, आणि आमचे बोलणे त्यांना ऐकू जात नाही. ही सोय कोणी केली हे माहीत नाही, पण ती मला आवडते.

माझे मोठे बाबा ओट्याच्या पायरीशी बसले होते. गुरांच्या बाजारात त्यांचा शब्द मानतात. मी त्यांना विचारले, "मोठे बाबा, किती भरतील हे?" त्यांनी वजन सांगितले नाही. म्हणाले, "मांडी नको पाहू बाई, टाच पाहा. जाड मानूस उभा राहिला का टाच टेकवते. यातला एकबी टाच टेकवून उभा नाही. हे खानारे नाहीत, खेळनारे आहेत." मला हे वाक्य त्या रात्री नीट कळले नव्हते.

गप्पा निघाल्या त्या इराणवर. आमच्या भागातल्या कबड्डीच्या शौकिनांना अंगापिंडाने मजबूत म्हटले की इराणच आठवतो. १९९० साली बीजिंगला आशियाई खेळांत कबड्डी आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताचीच. २०१६ साली अहमदाबादच्या विश्वचषकात अंतिम सामन्यात इराण मध्यंतराला पुढे होता, पण शेवटी भारताने ३८-२९ असा सामना जिंकला. पुढे २०१८ साली जकार्तामध्ये मात्र उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. मी तेव्हा शाळकरी होते. चौकातल्या हॉटेलात लोक उभ्याने तो सामना पाहत होते आणि संपल्यावर कितीतरी वेळ कोणी चहा मागितला नाही, हे मला आठवते. लोकांनी त्या दिवशी एकच निदान केले : त्यांच्या अंगात ताकद आहे, आपल्या पोरांत नाही.

आता गंमत अशी की मोठ्यांच्या अधिकृत कबड्डीत पुरुषांसाठी ८५ किलोची मर्यादा आहे. इराणी असो की भारतीय, काटा दोघांनाही तोच. मग ताकद आली कुठून? इराण हा कुस्तीचा देश. तिथे जुन्या तालमी आहेत, त्यांना झूरखाना म्हणतात. आणि दम धरून खेळायचा 'झू' नावाचा आपल्या हुतूतूसारखा खेळ त्यांच्याकडेही आहे. म्हणजे पाय धरणे, कंबर धरणे, धरलेले न सोडणे हे त्यांच्या हातात लहानपणापासून मुरलेले असते. फजल अत्राचली डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की चढाई करणारा त्या बाजूला जाताना विचार करतो. २०१८ साली प्रो कबड्डीच्या लिलावात एक कोटीची बोली पहिल्यांदा त्याच्यावरच लागली, आणि लावली आपल्या यू मुंबाने. पुढे मोहम्मदरझा शादलूईला पुणेरी पलटणने २०२३ साली २ कोटी ३५ लाखांना घेतले, आणि त्या हंगामाचे अजिंक्यपद १ मार्च २०२४ रोजी पुण्याच्या संघाने मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार हा आपल्या अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधला. त्याचे अंग शादलूईसारखे भरलेले नाही. ज्या इराणी पकडीच्या नावाने आमच्या चौकात चहा थंड झाला होता, तीच पकड आपल्या संघाकडून लागली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताकद वाईट नसते, ती समोरच्या बाजूला असली की वाईट दिसते.

अशा वेळी आपले वडीलधारे एक वाक्य हमखास सांगतात : शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. शाळेत या विषयावर निबंध लिहून मी दहापैकी आठ गुण मिळवलेले आहेत. पण मला हल्ली या वाक्याचा संशय येतो. या वाक्यात असे गृहीत धरलेले असते की देवाने काहींना शक्ती दिली, काहींना युक्ती दिली, आणि वाटणी न्यायाने झाली. जाड तो मठ्ठ आणि बारीक तो हुशार. त्यामुळे बारीक माणसाला बरे वाटते आणि त्याच्या ताटात काय वाढले आहे हे पाहायचे राहून जाते.

दादा रात्रपाळीला महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावर असतो. दोन ट्रकांच्या मधल्या वेळात तो फोनवर दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचे खेळ पाहतो. त्याने मलाही दाखवले. आठ-आठ गडी डोके खाली घालून एकमेकांना असे रेटतात की आमच्याकडे चिखलात रुतलेला ट्रॅक्टर दहा जण मिळून काढतात त्याची आठवण व्हावी. दक्षिण आफ्रिकेचा संघ म्हणजे या रेटारेटीतला दादाच. त्यांचे राखीव खेळाडूही तसेच; आठ राखीवांपैकी सात जण रेटणारे घेऊन २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ते खेळले. त्यांच्यावर टीका करणारे म्हणतात, हा काय खेळ, हे तर नुसते वजन. पण त्या स्पर्धेतले त्यांचे शेवटचे तीन सामने पाहा : फ्रान्सविरुद्ध २९-२८, इंग्लंडविरुद्ध १६-१५ आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११. तिन्ही विजय एकेका गुणाचे. नुसत्या वजनाने जिंकायचे असते तर वीस गुणांनी जिंकले असते. एका गुणाने जिंकायला शेवटच्या मिनिटालाही टाच उचललेली असावी लागते. मोठे बाबा बोलले ते मला इथे समजले.

त्या संघाचा कर्णधार सिया कोलिसी. राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हाला १९९५ सालची हकिकत सांगितली होती : ज्या हिरव्या जर्सीला काळे लोक गोऱ्यांच्या सत्तेची खूण मानत, तीच जर्सी अंगात घालून नेल्सन मंडेला अंतिम सामन्याला आले आणि विश्वचषक गोऱ्या कर्णधाराच्या हाती दिला. त्यानंतर २३ वर्षांनी, २०१८ साली, कोलिसी हा कसोटी सामन्यात त्या देशाचा पहिला काळा कर्णधार झाला, आणि २०१९ व २०२३ असे दोन विश्वचषक त्याने उचलले. तो पोर्ट एलिझाबेथजवळच्या झ्विडे या काळ्यांच्या वस्तीत वाढला. लहानपणी उपाशीपोटी झोपण्याच्या रात्री त्याने काढल्या आहेत. बाराव्या वर्षी खेळामुळे एका चांगल्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. शिक्षण मिळाले आणि पोटभर जेवणही. मी या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा येते. त्या वस्तीत कोलिसीसारखी चपळ पोरे आणखी असतील. त्यांना ती शिष्यवृत्ती मिळाली नाही. आज त्यांच्याकडे पाहून कोणी म्हणत असेल, हा काय खेळणार, याच्या अंगात काही नाही.

आता त्या रात्रीच्या सामन्याचे सांगते. आमचा संघ अर्ध्या वेळेपर्यंत टिकणार नाही हे भाकीत खोटे ठरले. दादाने चढाया छान केल्या. त्याचे अंग हलके असल्यामुळे तो वाकून पकडीच्या खालून निसटतो. दोनदा तो बोनस रेषेवर पाय टाकून गडी हलायच्या आत परतला. उत्तरार्धात एकदा आमचे तीनच गडी उरले होते आणि समोरचा सर्वांत धिप्पाड गडी चढाईला आला. दादाने त्याचा घोटा धरला, बाकीचे दोघे कंबरेवर पडले आणि आम्हाला दोन गुण मिळाले. तेव्हा ओट्यावर आजीबाईसुद्धा उभ्या राहिल्या. पण शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्या डाव्या कोपऱ्याने दादाची मांडी दोनदा पकडली. दोन्ही वेळा दादाचा हात मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे राहिला. आम्ही ३१-२७ असे हरलो.

सामना संपल्यावर त्या संघाचा कर्णधार दादाजवळ आला. त्याने दादाचा दंड हातात धरून पाहिला, अगदी आमच्या चौकातल्या पारख्यासारखा, आणि हिंदीत विचारले, "कितने किलो का है?" दादा म्हणाला, "अट्ठावन." तो म्हणाला, "पाँच किलो और होता, तो आज तू हमको घर भेज देता." तो चांगल्या मनाने बोलला. दादाही हसला. पण घरी येईपर्यंत तो काही बोलला नाही.

पाच किलो म्हणजे काय, हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दादाचा खुराक चालू होता. सकाळी भिजवलेले चणे, अर्धा लिटर दूध आणि तीन अंडी. महिन्याचे साधारण दीड हजार. बाबा धानखरेदीच्या केंद्रावर हमाली करतात. ४० किलोचे पोते पाठीवर घेतात आणि त्यांचे स्वतःचे वजन ५० च्या आसपास. एवढे वजन रोज उचलणाऱ्या माणसाला कोणी वजनदार म्हणत नाही, हेही मी लिहून ठेवते. मी बारावी झाले आणि बी. ए. ला नाव घातले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशाची फी, पुस्तके, एसटीचा पास, परीक्षेचा फॉर्म. त्या जून महिन्यात दुधाचे खाते बंद झाले. घरात त्यावर चर्चा झाली नाही. आईने एवढेच म्हटले की पावसाळ्यात दूध पातळच येते. अंडी आठवड्याच्या बाजाराच्या दिवसापुरती उरली. त्याच वर्षी एका भरतीत दादाची छाती हवी त्यापेक्षा दोन सेंटिमीटर कमी भरली, आणि तो पेट्रोल पंपावर लागला.

त्या सामन्यानंतर चार दिवसांनी मी दादाला विचारले. तो म्हणाला, "मी पाच किलो वाढलो असतो, तरी किती वर्षं खेळलो असतो? गुडघा गेला का खेळ गेला. तुझं वाचलेलं कुठं जाते?" हे उत्तर मला पटलेले नाही. खेळ जातो तसे वाचलेलेही जाते. पदव्या घेऊन घरी बसलेली माणसे आमच्या चौकात आहेत. आणि मुळात एका घरातल्या दोन पोरांपैकी कोणाला दूध आणि कोणाला पुस्तक, हा प्रश्न आमच्यावर यावाच का? परंतु दादाचे उत्तर खोडून काढता येईल एवढे उत्पन्न आज माझ्याजवळ नाही. ते मिळेपर्यंत तरी मला त्याच्यापुढे गप्प बसावे लागेल.

वर्गात बसल्यावर मला कधीकधी त्या जीपगाड्यांतून उतरणाऱ्या संघाची आठवण येते. शहरातून, शिकलेल्या घरांतून आलेली मुलेमुली सहज इंग्रजी बोलतात, सरांना न भिता प्रश्न विचारतात. पहिल्या वर्षी मला त्यांचे वजन फार वाटे. आता मी मोठ्या बाबांप्रमाणे टाच पाहते. त्यांच्यातले पुष्कळ जण खरोखर मेहनत करतात. त्यांच्या घरी आजोबांपासून चालत आलेली पुस्तके आहेत, तो त्यांचा खुराक. त्यांचा हेवा करण्यात अर्थ नाही आणि त्यांना मठ्ठ समजून स्वतःचे समाधान करून घेण्यात तर मुळीच नाही.

इराणची गोष्ट सांगताना चौकातले लोक एक भाग नेहमी गाळतात. २०१८ साली पुरुष हरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांच्या अंतिम सामन्यात इराणी मुलींनी भारताला २७-२४ असे हरवले. डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकून खेळणाऱ्या त्या मुलींना तयार करणाऱ्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे ज्या ताकदीची आम्ही परदेशी म्हणून धास्ती घेतली, तिच्यामागे महाराष्ट्रातल्या एका बाईची शिकवण होती. हे मी देवळाच्या ओट्यावर सांगितले तेव्हा एका काकूंनी विचारले, "मग आपल्या पोरींना कोन शिकवते?" त्याचे उत्तर कोणी दिले नाही. सध्या सकाळी पंपावरून आल्यावर दादा गावातल्या सात-आठ मुलींना शाळेच्या मैदानावर घोटा कसा धरावा ते दाखवतो. त्यातल्या सर्वांत भारी मुलीचे वजन ४४ किलो आहे. घरी जाताना त्या भुकेल्या असतात, आणि घरी काय असते ते मला माहीत आहे.

चौकातली पारख अजून चालू आहे आणि चालू राहील. तिच्यात गंमत आहे. मीही पैज लावते. फक्त आता एखादा अंगापिंडाने मजबूत गडी दिसला की त्याचे वजन किती, याच्यापुढे आणखी एक प्रश्न मला सुचतो : याच्या घरी याच्यासाठी दूध कोणी सोडले असेल? आणि बी. ए. च्या दुसऱ्या वर्गात बसलेल्या मुलीकडे पाहूनही तोच प्रश्न कोणी विचारला, तर तिला उत्तर देता येईल.